टेंपोची पायरी आणि पायाची पकड



गोठ्याचा कोबा करताना आपण गवंड्याला बजावून सांगतो की, कोबा गुळगुळीत करू नकोस, खाचा पाड. नाहीतर गाभण गाय घसरायची. हे शहाणपण घराघरांत आहे. पण ज्या टेंपोवर घरधनी, घरधनीण आणि हमाल दिवसातून पन्नास वेळा चढतात-उतरतात, त्या टेंपोच्या पायरीकडे आणि मागच्या बंपरकडे आपले लक्ष जात नाही. टायर, ब्रेक, हवा सारे पाहतो. पाय ठेवायची जागा तेवढी राहून जाते.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. आपल्याच गाडीत माल भरून शहरात थेट विकायची वाट त्यामुळे रुंद झाली. नवी मुंबईत सीवूड्ससारख्या वसाहतीच्या रस्त्यावर टेंपो उभा राहिला की तोच दुकान होतो. गिऱ्हाईक मेथीची जुडी मागते, माणूस बंपरवर पाय देऊन हौद्यात चढतो. कांदे मागते, पुन्हा चढतो. तुर्भ्याच्या बाजारात माल उतरवायला हमाल असतात, इथे सगळी चढउतार घरच्याच माणसांची.

घसरण होते कशी?

पत्र्यावर पालेभाजीचा रस, कांद्याची सालपटे आणि शेतातून आलेला चिखल साठतो. डिझेलची टाकी पायरीजवळ असली तर तेलाचे थेंब पडतात. त्यावर पावसाची एक सर आली की साबण लावल्यासारखे होते. सीवूड्स तर ठाण्याच्या खाडीला लागून आहे. तिथली हवा दमट आणि खारी, त्यामुळे रंग उडालेल्या लोखंडाला लवकर गंज धरतो आणि गंजाचे पापुद्रे पायाखालून निसटतात.

पुष्कळांना वाटते, पायरीला नक्षीचा चेकर पत्रा आहे म्हणजे झाले. नवा असतो तोवर ठीक. पुढे त्याचे उंचवटे झिजतात, आणि तेलकट पाण्यात तो साध्या पत्र्याइतकाच दगा देतो. गोणपाट गुंडाळण्याची पद्धतही सोडावी. ते पाणी धरून ठेवते, खाली गंज वाढवते आणि ऐन वेळी पायाखालून सरकते.

उपाय तीन

पहिला उपाय वाळूच्या रंगाचा. खर्च थोडा आणि काम घरी होण्यासारखे. दुसरा, काचकागदासारखी खरखरीत चिकटपट्टी. तिसरा, आरपार जाळीची लोखंडी पायरी. तिच्यातून चिखल-पाणी खाली पडते, म्हणून शेताच्या गाडीला ती सर्वांत चांगली. पण ती वेल्डरकडूनच करून घ्यावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर सोडावी. पायरी टाकीजवळ असेल तर ती खोलून दुकानात न्यावी, गाडीवर ठिणगी नको. चासीला वेल्डिंग तर मुळीच करू नये.

वाळूचा रंग असा द्यावा

कोरडा, उन्हाचा दिवस निवडावा. पायरी तारेच्या ब्रशने घासून गंज आणि सुटा रंग पूर्ण काढावा. नुसते रॉकेलने पुसून भागत नाही, कारण त्याचा तेलकट थर मागे राहतो. धुण्याच्या पावडरीने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे व शेवटी थिनरचा बोळा फिरवावा. मग रेड ऑक्साइडचा हात द्यावा. तो वाळला की ऑइलपेंटचा जाड हात देऊन, ओला असतानाच त्यावर जाड रव्याएवढी चाळलेली वाळू सारखी भुरभुरावी. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून वरून रंगाचा पातळ हात द्यावा. पुरा वाळेपर्यंत पाय ठेवू नये.

वाळू नदीची, धुतलेली आणि वाळवलेली हवी. खाडीची किंवा समुद्राची वाळू वापरू नये. तिच्यातले मीठ रंगाखाली राहून लोखंड खाते आणि रंगाची खपली निघते.

चिकटपट्टी लावतानाही हीच सफाई करावी. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापावेत, म्हणजे ते उचलत नाहीत. दोन पट्ट्यांत बोटभर जागा पाण्यासाठी सोडावी. पट्टी पायरीच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत यावी, कारण उतरताना पाय निसटतो तो कडेवरूनच. झिजून गुळगुळीत झालेली पट्टी काढून नवी लावावी.

बंपरविषयी सावधानता

मागचा बंपर भक्कम लोखंडी असेल तरच त्यावर हा उपाय करावा. नंबरपाटी, दिवे व चमकपट्ट्या झाकू नयेत. प्लॅस्टिकच्या बंपरवर खरखरीत पट्टी लावणे म्हणजे पायाला खोटे आवतण. तो वजन पेलायला केलेला नसतो. पुढे जादा लोखंडी गार्ड बसवून त्याची पायरी करू नये. अशा गार्डवर कारवाई करण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितले आहे.

चढावे कसे?

पायरी कितीही खरखरीत केली तरी सवय चुकीची असेल तर उपयोग नाही. गाडीकडे तोंड करूनच चढावे आणि उतरावे. दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, असा तीन ठिकाणी आधार नेहमी असावा. म्हणून पायरीशेजारी हाताला धरायला दांडी हवी. हातात क्रेट घेऊन उतरू नये. क्रेट आधी फाळक्यावर ठेवावा, उतरून मग घ्यावा. वरून उडी मारू नये. झिजल्या तळव्याची चप्पल घालून चढू नये. बायाबापड्यांनी पदर-निऱ्या आवरून घ्याव्यात आणि पायरी फार उंच असेल तर खाली आणखी एक पायरी जोडून द्या, असे घरधन्याला स्पष्ट सांगावे.

मनगट किंवा खुबा मोडला तर माणूस महिनोन् महिने कामातून जातो. तेवढ्या दिवसांत पेरणी टळते, काढणी मजुरांवर जाते आणि दवाखान्याचा खर्च निराळा. त्या मानाने वाळूच्या रंगाला लागतात दोन सुटीचे दिवस आणि रंगाचा एक लहान डबा. गाडी भाड्याची असेल तर माल भरण्याआधी मालकाला पायरी दाखवून दुरुस्त करायला सांगावे. उरलेला रंग ट्रॉलीच्या पायरीला लावावा. तिच्यावर तर घरची पोरेही चढतात.