स्वस्त पाना, महाग दुरुस्ती

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी एक म्हण आहे. सायकल दुरुस्तीच्या धंद्यात हिशेब तोच, वस्तू मात्र निराळ्या: पाना चार आण्यांचा आणि नुकसान बारा आण्यांचे!

चांगल्या पान्याचे पोलाद कठीण असते, त्यास पाणी नीट दिलेले असते आणि त्याचे माप अचूक असते. स्वस्त पान्यात या तिन्हींची वानवा. घट्ट बसलेल्या नटावर जोर पडताच त्याचे तोंड फाकते, नटाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नी-हातोडीचे राज्य सुरू होते. चाकाच्या हबमधील कोन आवळण्यासाठी पातळ पाना लागतो. त्याऐवजी पकडीने काम भागविले, तर कोन सैल राहून चाक डुगडुगते किंवा फाजील आवळला जाऊन छर्रे व वाटी खराब होतात. क्रँकची कॉटर पिन नुसत्या हातोडीने ठोकली, की तिचे आटे चेमटलेच म्हणून समजावे.

याचा दोष कारागिराच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु पंक्चर काढून दिवस ढकलणाऱ्याने उत्तम हत्यारांसाठी एकरकमी भांडवल आणावे कोठून? तो स्वस्त पाना घेतो, तो मोडतो, पुन्हा घेतो. गरिबाची काटकसर ही अशी गरिबालाच नाडते. त्याचे गिऱ्हाईकही बहुधा त्याच्यासारखेच. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या गेल्या. अशा मुलीची सायकल अडली, तर अडते ती तिची शाळा.

2023 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठेवण्यात आले. तिच्या 18 व्यवसायांच्या मूळ यादीत हातोडी व हत्यारे बनविणारा आहे. ती वापरणारा सायकल कारागीर मात्र नाही. योजना पारंपरिक व्यवसायांसाठी आहे, असे उत्तर यावर मिळेल. पण पिढ्यान्‌पिढ्या हातांनी आणि हत्यारांनी चालणारा हा धंदा परंपरेबाहेरचा कसा?

सायकली वाटणाऱ्या शासनाने त्या चालू ठेवणाऱ्या हातांचाही विचार केला पाहिजे. गावच्या कारागिरास हत्यारांचा एक उत्तम संच मिळावा, निदान पतसंस्थेने त्यासाठी सुलभ हप्त्याने कर्ज द्यावे. ही मागणी मोठी नाही. सायकल देण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो. ती चालती ठेवण्याचे काम वर्षानुवर्षांचे असते.