इस्पितळातून घरी आल्यानंतर काय?

कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतींची चर्चा निघाली की प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस आणि ग्रुप मेडिक्लेम एवढ्यावर ती थांबते. काही कंपन्या कामगाराच्या आई-वडिलांनाही मेडिक्लेममध्ये घेतात, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्या घरात वडिलांना पक्षाघात झाला आहे तेथे जाऊन विचारावे. इस्पितळाचे दहा-बारा दिवस विम्याने निभावले; पुढची पाच-सात वर्षे कोणी निभवायची?

पॉलिसीचा कागद बारकाईने वाचणारे थोडेच. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची जी ठरावीक भाषा आखून दिली, तीत आंघोळ घालणे, कपडे चढविणे, उठता-बसता आधार देणे अशा देखभालीचा खर्च स्पष्टपणे वगळलेल्या बाबींत आहे. म्हणजे खाटेवर पडलेल्या माणसाला जी मदत रोज लागते, तीच नेमकी विम्याच्या बाहेर! कामगार राज्य विमा योजनेत अवलंबून असलेल्या आई-वडिलांवर उपचार होतात, पण घरी देखभालीला माणूस मिळत नाही. २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेत ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले, तेही इस्पितळापुरतेच.

मग हे काम करते कोण? घरची सून, नाहीतर लग्नाची मुलगी. वृद्ध माता-पित्यांशी कसे वागावे याबाबत सूरह बनी इस्राईलमधील आदेश आपल्या जलशांतून वारंवार ऐकविला जातो. तो आदेश मुलांनाही आहे, पण खिदमतीवर तासभर भाषण करणारे घरी गेल्यावर अंथरूण बदलायला बायकोलाच हाक मारतात, ही वस्तुस्थिती आहे. तिची शिलाईची मजुरी बुडते, शिकवण्या बंद पडतात, आणि त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

जर्मनीने हा हिशेब कायद्याने मांडला. १९९५ पासून तेथे देखभाल विमा सक्तीचा आहे. हप्ता पगारावर असतो आणि साधारणपणे निम्मा मालक, निम्मा कामगार भरतो. सुरुवातीला तो १ टक्का होता. २०२५ मध्ये ३.६ टक्के झाला, मुले नसलेल्यांना थोडा अधिक. मालकांनी बोजा वाढतो म्हणून ओरड केली, तेव्हा त्यांच्या भरपाईसाठी प्रोटेस्टंट पंथीयांची प्रार्थनेची एक सार्वजनिक सुट्टी रद्द करण्यात आली! फक्त सॅक्सनी प्रांताने सुट्टी राखली, आणि तेथील कामगार त्यासाठी हप्त्याचा मोठा वाटा उचलतात. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. रुग्णाची सेवा घरचेच माणूस करीत असेल तर तेथे रोख रक्कम मिळते; २०२५ मध्ये अवस्थेनुसार दरमहा ३४७ ते ९९० युरो. शिवाय सेवा करणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ताही काही अटींवर हा विमा भरतो.

अमेरिकेचा अनुभव उलट आहे. तेथील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००२ मध्ये अशी विमा योजना निघाली, पण सारा हप्ता कर्मचाऱ्याच्याच खिशातून. २०१६ मध्ये हप्ते सरासरी ८३ टक्क्यांनी वाढले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवे अर्ज घेणेच थांबले. मालकाचा वाटा नसलेल्या सवलतीला सवलत म्हणणे ही थट्टाच होय.

आपल्या व्यापाऱ्यांची आणखी एक अडचण असते. ती म्हणजे प्रचलित विम्यातील व्याज आणि अनिश्चितता. मलेशियाने १९८४ मध्ये तकाफुलचा कायदा केला. आपल्याकडे तकाफुल कंपनी नाही. पण कंपनी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण काय? भिशी चालवायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. भिवंडी-मालेगावातील दोन-चार कारखानदारांनी मिळून शंभर कामगार एकत्र केले, प्रत्येकाने दरमहा १०० रुपये दिले आणि मालकाने तेवढेच घातले, तर महिन्याला २०,००० जमतात. त्यांतले ५,००० राखीव ठेवले तरी तीन घरांना प्रत्येकी ५,००० देता येतील. रक्कम मोठी नाही, पण कापडी लंगोट, औषध आणि दोन तासांची बाई एवढे तरी सुटते.

हा पैसा जकातीतून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जकात गरजूंसाठी आहे. कामगाराची सवलत हा धंद्याचा खर्च आहे आणि तो धंद्यातूनच गेला पाहिजे. उद्या तीनऐवजी दहा घरे पुढे आली तर काय, हा प्रश्न मालक विचारतील आणि तो रास्तच आहे. म्हणून सुरुवातीलाच लेखी नियम हवेत: सभासद झाल्यावर किती महिन्यांनी हक्क लागतो, जास्तीत जास्त किती वर्षे रक्कम मिळते, आणि रुग्ण स्वतः जेवू शकतो का, न्हाणीत जाऊ शकतो का, हे कोणता डॉक्टर तपासणार. मालकाच्या मर्जीवर हे ठेवू नये. आणि रक्कम कामगाराच्या हाती न देता घरात जी प्रत्यक्ष सेवा करते तिच्या बँक खात्यात जमा करावी.