कवळी आली म्हणून दात संपले?

"आता कवळीच लावली, कसली पेस्ट नि कसलं काय!" हे वाक्य मी आमच्याच नात्यात वर्षभरात तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा बोलणारा वेगळा, सूर मात्र एकच.. सुटलो एकदाचे. आणि तिन्ही वेळा तोंडात सात-आठ स्वतःचे दात शाबूत! मंडळी, मला याची चीड येते, म्हणून हा फणकारा.

पूर्ण बोळकं झालेल्यांचं सोडा. मी बोलतोय ते काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीबद्दल. ती उभी असते कुणाच्या जिवावर? उरलेल्या दातांच्या. तिच्या तारा ज्या दातांना मिठी मारतात तिथेच अन्न अडकतं, तिथेच थर साचतो. जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, आणि पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम, फॉस्फेट विरघळू लागतं. वयानुसार हिरड्या खाली सरकल्या की मुळं उघडी पडतात. त्यांच्यावर इनॅमलचं चिलखतच नाही, त्यामुळे तिथली झीज याहून सौम्य आम्लातही सुरू होते. त्यात रक्तदाबाच्या, अ‍ॅलर्जीच्या, झोपेच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. म्हणजे आम्ल धुऊन नेणारी, खनिजं परत आणून देणारी लाळही कमी. ज्याला फ्लोराइडची सगळ्यात जास्त गरज, तोच म्हणतो, मला काय करायचंय!

आमच्या मामांचं उदाहरण घ्या. डॉक्टरांनी कवळी कशी धुवायची याचा छापील कागद दिला. उरलेल्या दातांबद्दल त्यात एक ओळ नाही. मामा कवळीला तान्ह्या बाळासारखं जपायचे आणि दातांना बोटाने काळं मंजन. दोन वर्षांत तार अडकवलेला सुळा मुळाशी किडून तुटला. आता कवळी हलते, भाकरी चावत नाही, आणि हजारो रुपयांची ती वस्तू डबीत पडून आहे. याला काय म्हणायचं?

यावर घरातल्या 'नैसर्गिक'वाल्यांचं उत्तर ठरलेलं: फ्लोराइड म्हणजे विष. चंद्रपूर-यवतमाळकडे बघा म्हणे. बघा ना, जरूर बघा! तिथला प्रश्न खराच आहे, पण तो बोअरच्या पाण्याचा, वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या फ्लोराइडचा. दातांवर डाग पडतात ते दात तयार होताना, म्हणजे लहानपणी. सत्तरीतल्या दाताला नव्याने ते होणं शक्यच नाही. आणि हिशोबच करायचा तर १००० पीपीएमची अर्धा ग्रॅम पेस्ट म्हणजे अर्धा मिलिग्रॅम फ्लोराइड, त्यातलं बरंचसं आपण थुंकून टाकतो. पिण्याच्या पाण्यात दुसरी सोय नसेल तर लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपर्यंत आपलं भारतीय मानकच चालवून घेतं. (मिश्रीला 'नैसर्गिक' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ती तंबाखू आहे, एवढं पुरे.)

तेव्हा नातेवाईकहो, पुढच्या वाणसामानाच्या यादीत लिहा: फ्लोराइड असलेली साधी पेस्ट. महागडी, चकचकीत, दात पांढरे करणारी नको. मागे बारीक अक्षरात सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट आणि १००० पीपीएमच्या आसपासचा आकडा दिसतो का ते चष्मा लावून वाचा. 'हर्बल' लिहिलंय म्हणून सोडू नका नि घेऊही नका, मागची बाजू वाचा. कवळी काढून दोनदा घासायचं, तारेच्या दातांना जरा जास्त वेळ. मग नुसतं थुंकायचं. आपल्याकडे खळखळून पाच चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, आणि नेमकं तिथेच फ्लोराइड बेसिनमध्ये जातं.

आणि हो, हीच पेस्ट कवळीला लावू नका. तिच्यातल्या कणांनी अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात नि त्यात घाण बसते. कवळीला मऊ ब्रश, साधा साबण, रात्री वाटीत गार पाणी. मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आता दोन ब्रश?" हो मामा, दोन ब्रश!