पत्ता तोच, गाव दुसरं

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या माणसाची एक कटकट नेहमीची. मुंबईत ‘कर्जत’ म्हटलं की समोरच्याला रायगडातलं लोकलचं स्टेशनच आठवतं. राशीन-सिद्धटेककडचं कर्जत त्याच्या नकाशात नसतंच. नाव बरोबर, गाव चूक.

डॉसच्या काळात संगणकाच्या आतही हाच घोळ व्हायचा. मेमरीत ठाण मांडून बसणारे जुने प्रोग्रॅम, म्हणजे टीएसआर, साधारण पहिला १ एमबीच ओळखायचे. १९८२च्या ८०२८६ चिपबरोबर ‘प्रोटेक्टेड मोड’ आला. नव्या प्रोग्रॅमना पलीकडची मेमरी खुली झाली, पण पत्त्याचा अर्थही बदलला. जुना प्रोग्रॅम पत्त्यातल्या पहिल्या आकड्याला १६ने गुणून त्यात दुसरा मिळवायचा. नव्यासाठी तोच पहिला आकडा म्हणजे एका तक्त्यातली नोंद. नव्याने आपला पत्ता जुन्याला जसाच्या तसा दिला, की जुना भलत्याच जागी लिहून मोकळा. मग मशीन बंद पडणारच.

‘जुनं फेकून द्या’ म्हणणं सोपं होतं. १९९०च्या ‘डीपीएमआय’ने तसं केलं नाही. नव्या प्रोग्रॅमने खालच्या १ एमबीत थोडी जागा मागायची, माहिती तिथे उतरवायची आणि जुन्याला समजेल असा पत्ता द्यायचा. भार नव्यावर, कारण दोन्ही जगं फक्त त्यालाच दिसतात. ही मेहरबानी नव्हे, हा न्याय आहे.

मराठीच्या बाबतीत मात्र आपण हा न्याय उलटा केला. युनिकोडपूर्वीचा बराचसा मराठी मजकूर फॉन्टला बांधलेला आहे. तोच बाइट एका फॉन्टमध्ये एक अक्षर, दुसऱ्यात दुसरंच. श्रीलिपीतली जुनी फाइल फोनवर उघडून पाहा, परक्या चिन्हांचा नुसता चिखल दिसेल. कित्येक दिवाळी अंक, कवितासंग्रह, गावोगावच्या स्मरणिका अशाच फाइलींत अडकल्या आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. तरीही कन्व्हर्टर शोधायचा कोणी? वाचकाने, नाहीतर तालुक्याच्या गावातल्या छापखानेवाल्याने. ‘हे लोक बदलतच नाहीत’ हा टोमणा वर फुकट.

बदलायचं कोणी, हे कुवतीवरून ठरतं. छापखान्यातल्या जुन्या मशीनला युनिकोड दिसत नाही; तुमच्या ॲपला दोन्ही दिसू शकतं. डॉसवाल्यांनी ६४० केबीच्या चिमटीत हा पूल बांधला. खिशात काही जीबी घेऊन फिरणाऱ्यांना जागेची सबब सांगता येणार नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी मराठीसाठी ॲप लिहिणार असेल, तर जुनी फाइल ओळखणं हे त्याचं पहिलं काम असू द्या. ज्याला आपलाच मागचा मजकूर वाचता येत नाही, त्याने स्वतःला अद्ययावत म्हणवू नये.