बेकाराचा वेळ फुकट नाही

११ डिसेंबर २०२१ च्या रात्री म्हाडाच्या परीक्षेला बसणारे अनेक उमेदवार परगावी मुक्कामाला होते. एस. टी. कामगारांचा संप चालू होता. मिळेल त्या वाहनाने, पदरमोड करून ते आले होते. जागा होत्या ५६५. मध्यरात्र उलटल्यावर मंत्र्यांनी परीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर केले. प्रश्नपत्रिका फोडण्याचा डाव उघडकीस आला होता, तेव्हा परीक्षा थांबविणे योग्यच होते. परंतु भुर्दंड सोसला तो ज्यांचा काडीचाही अपराध नव्हता त्यांनी.

हा एकच प्रसंग असता तर अपघात म्हणून सोडून देता आला असता. त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची १४ मार्चची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी लांबणीवर पडली. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे ती २१ मार्चला झाली. सप्टेंबरात आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ऑक्टोबरात झाली तेव्हा प्रश्नपत्रिका फुटली.

या साऱ्याच्या मुळाशी एक समजूत आहे : बेकाराचा वेळ म्हणजे रिकामा वेळ, त्याला मोल नाही. वस्तुस्थिती उलट आहे. खोलीचे भाडे, खानावळ, अभ्यासिकेची फी हे सारे घरच्यांच्या घामातून येते आणि वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या गटातील उमेदवाराला १,००० आणि राखीव गटातील उमेदवाराला ९०० रुपये शुल्क भरावे लागले. अर्ज दहा लाखांवर आले. उमेदवाराला एका दिवसाचा उशीर झाला तर त्याचा अर्ज बाद होतो. शासनाला वर्षाचा उशीर झाला तर त्याला प्रशासकीय कारण म्हणतात!

केंद्राने २०२४ साली आपल्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. दोषी कंपनीला एक कोटीपर्यंत दंड करण्याची आणि तिच्याकडून परीक्षेचा खर्च वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. उमेदवाराच्या खर्चाचा मात्र त्यात विचार नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांच्या तारखा जाहिरातीतच बांधून द्याव्यात. ऐनवेळी परीक्षा रद्द झाल्यास शुल्क व प्रवासखर्च न मागता परत मिळावा. परीक्षेचे काम खासगी कंपनीला दिले, तरी जबाबदारी खात्याच्या प्रमुखावरच राहावी.

संविधानाच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. वाट पाहण्याची ऐपत ज्याच्या घरी आहे त्यालाच जी संधी परवडते, तिला समान म्हणता येणार नाही. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न गावोगावच्या अभ्यासिकांत नेला पाहिजे.