चिंगम आणि आपले दात

"चिंगम गिळलेस तर आतडी चिकटतील!" अशी भीती घरोघरी मुलांना घातली जाते. चुकून एखादे चिंगम गिळले गेले, तर ते पचत नाही. पण शौचावाटे बाहेर पडते. मुद्दाम गिळण्याची सवय मात्र नको. माता-पित्यांनी काळजी करायची ती दातांची.

दात किडतो म्हणजे त्यात अळी शिरते, असा समज अजून आहे. तो खोटा आहे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दातावरचे कठीण कवच झिजवते. साखरेचे चिंगम मूल दिवसभर चघळत राहिले, तर जंतूंना दिवसभर खाद्य मिळते. पुढे दाढ ठणकू लागली, की मुलाची शाळा बुडते आणि दवाखान्यात नेणाऱ्या आईबापाचा रोजही बुडतो.

मग चिंगम वाईटच का? तसे नाही. चघळल्याने लाळ जास्त सुटते. लाळ आम्लाचा जोर कमी करते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि दाताच्या कवचाला खनिजे परत देते. म्हणून जेवणानंतर वीस मिनिटे बिनसाखरेचे चिंगम चघळल्यास दातांना मदत होते. फिनलंडमधील तुर्कू शहरात १९७० च्या दशकात झायलिटॉल या पदार्थाने गोड केलेल्या चिंगमचे प्रयोग झाले. हा पदार्थ जंतूंना आम्ल तयार करण्यास उपयोगी पडत नाही. ते चिंगम चघळणाऱ्यांचे दात कमी किडल्याचे दिसून आले.

तेव्हा विकत घेताना वेष्टन वाचा. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. घटकांत 'शुगर' लिहिलेले असेल तर ते नको. बिनसाखरेचेही तासन् तास चघळू नये. जबडा दुखतो आणि जास्त खाल्ल्यास जुलाब होतात. अगदी लहान मुलांना चिंगम देऊच नये, घशात अडकण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट. तंबाखू-गुटख्याचा वास लपवण्यासाठीही चिंगम चघळले जाते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी व्यसन सुटलेले नाही. तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनचे वेगळे चिंगम मिळते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर उशीर करू नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

बिनसाखरेचे चिंगम महाग पडते. ते घेतले नाही तरी चालेल. जेवणानंतर खळखळून चूळ भरा. फ्लोराइडची पेस्ट घेऊन सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासा. मिश्री मुलांच्या हाती देऊ नका, आपणही सोडा. चिंगमच्या पैशांत आधी घरातील प्रत्येकाला स्वतःचा ब्रश आणा.