जादा भार आणि ड्रायव्हरचा हक्क

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले कुंभकोणम म्हणजे भाताचा मुलूख. ट्रॅक्टर ओढतो ना, मग ट्रॉलीत चढवा आणखी पोती, हा मालकी हिशेब तिथे काय नि आपल्याकडे उसाच्या हंगामात काय, सारखाच. पण ओढणाऱ्याला थांबवताही आले पाहिजे! आपल्याकडे १:३७ चा बोरघाट चढायला कर्जतला बँकर इंजिने लागतात. मालगाडीला ब्रेक पॉवर सर्टिफिकेट लागते. ट्रॉलीच्या ड्रायव्हरला असा कागद कोण देतो? २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठरला. गाडी चालवायला लावणाराही कायद्याने दोषी आहे. वाटेत अडवला जातो तो मात्र ड्रायव्हर. जादा भार नाकारला म्हणून त्याची रोजी जाणार नाही, अशी लेखी हमी कायद्यात हवी.